जाळीची साडेतीन घरं

६ ऑक्टोबर

परवानगीचा कागद शेवटी हातात पडला. तीन महिने, रोज सकाळी आठ ते दहा, मकबऱ्याच्या आतल्या सज्ज्यात एका कोपऱ्यात स्टँड उभा करून चित्र काढायला हरकत नाही, असं त्यात लिहिलंय. खाली शिक्का. मी तो कागद चार वेळा वाचला. सगीरा म्हणाली, "पाँचवी बार पढे तो मिट जाइंगा."

छत्तीस वर्षं मी सिल्लोड तालुक्यातल्या शाळांमध्ये चित्रकला शिकवली. हजारो पोरं एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवली, त्यांचे माठ आणि केळी तपासली. स्वतःचं म्हणावं असं मोठं चित्र एकही केलं नाही. निवृत्तीलाही तीन वर्षं होऊन गेली. यंदा राज्याच्या प्रदर्शनाला चित्र पाठवायचंच. एकतीस डिसेंबर ही शेवटची तारीख आहे. रोज काय झालं, कुठं चुकलं, ते या वहीत लिहीत जाईन. घरात आम्ही दखनी बोलतो, पण वहीत मराठीच उतरते. इतकी वर्षं फळ्यावर तीच लिहिली.

९ ऑक्टोबर

जागा ठरली. आत शिरलं की आपण वरच्या सज्ज्यात असतो. बादशहाच्या बेगमची कबर खाली, एक मजला खोल, संगमरवरी जाळीच्या कठड्यात. लोक वरून वाकून बघतात आणि नाणी टाकतात. मी असा कोपरा निवडला, की एक कमान पूर्ण दिसते, तिच्यातून पलीकडची जाळीची खिडकी दिसते आणि डाव्या हाताला खालच्या कठड्याचा थोडा भाग. ऊन जाळीतून येतं आणि फरशीवर पसरतं. नऊ वाजता ते सगळ्यात चांगलं असतं.

वास्तूच्या चित्रात एक माणूस लागतोच, नाहीतर कमान केवढी उंच हे कळत नाही. सगीराला विचारलं. ती आधी नाहीच म्हणाली. जिवंत माणसाची तसबीर काढून घेणं तिला पटत नाही; आमच्या लग्नानंतरचे तिचे फोटो बोटांवर मोजता येतील. दोन दिवस मनधरणी केल्यावर एका अटीवर तयार झाली. चेहरा काढायचा नाही. पाठ करून बसेन.

आज बसली. बुरखा काढून पांढरी ओढणी घेतली, चटई टाकली, खिडकीकडं तोंड केलं. मला तर बरंच झालं. समोरची जाळी म्हणजे आयता आलेखाचा कागद. हात लांब करून, एक डोळा मिटून पेन्सिलीनं मोजलं : तिचे खांदे जाळीची बरोबर साडेतीन घरं व्यापतात. आता चूक व्हायची सोयच नाही.

परत येताना म्हणाली, "एवढा मोठा मकबरा बायकोसाठी, पण बांधला कोणी? लेकानं. नवऱ्याला कुठं फुरसत!" मी म्हटलं, मी तुझं चित्र काढतोय ना. "पाठीचं," ती म्हणाली आणि हसली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज काम झालं नाही. शेजारच्या मुबश्शिराबरोबर शहागंजला कापड बघायला जायचंय म्हणून सगीरा सकाळीच गेली ती दोनला आली. पिशवी रिकामी. मी म्हटलं, सहा तास बघून एक वार कापडही पसंत पडलं नाही? जेवलीही नाही, बाहेर खाल्लं म्हणे. माझी सकाळ मात्र फुकट गेली. बायकांना वेळेची किंमत नसते.

२६ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्ट्यांमुळं नऊपासूनच गर्दी. लोक माझ्या मागं उभे राहून फोटो काढतात. एक जण म्हणाला, काका, मोबाईलनं एका मिनिटात होतं की.

कमान झाली. चुन्याच्या गिलाव्यातला तो मळका पांढरा साधायला नऊ दिवस गेले. सगीराची आकृतीही रंगात उतरली, खांद्यांची साडेतीन घरं बरोबर. आज पहिल्यांदा वाटलं, आपल्याला येतं.

लुबनाचा सिल्लोडहून फोन. लेकीला आईशी व्हिडिओवर बोलायचं होतं. सगीरा म्हणाली, कॅमेरा लावू नका, केस विंचरलेले नाहीत.

४ नोव्हेंबर

काहीतरी घोळ आहे. ओढणीच्या चुण्या रंगवायला घेतल्या, म्हणून पुन्हा मोजलं. सव्वातीन घरं. चित्रात साडेतीन, समोर सव्वातीन. म्हणजे ती पुढं, खिडकीकडं सरकून बसतेय. लांब गेलं की माणूस लहान दिसणारच, हे तर आठवीच्या पोरालाही कळतं.

तिला बोललो. म्हणाली, "जहाँ बिठाए वहीच बैठी मैं." आवाज चढवला मी. मग वाईट वाटलं, कारण तिनं नुसती मान खाली घातली. एरवी दोन शब्द जास्तच ऐकवते.

५ नोव्हेंबर

चटईचा कोपरा फरशीच्या सांध्याला लावून बसवलं. माझ्या स्टुलाच्या पायांच्या जागाही फरशीच्या रेषांवरून ठरवल्या. मोजलं. सव्वातीन.

म्हणजे माझंच पहिलं माप चुकलं. छत्तीस वर्षं पोरांना ओरडत आलो, दोनदा मोजा, मग रेघ मारा. आणि स्वतः एकदाच मोजलं.

१४ नोव्हेंबर

आज हात रंगवला. ओढणीतून बाहेर आलेला तिचा उजवा हात फरशीवर टेकलेला असतो. गेल्या महिन्यात रंगाची जी नोंद केली होती, त्या मिश्रणानं जमेना. पिवळी माती दुप्पट घालावी लागली, तेव्हा कुठं समोरच्या हाताशी जुळलं. हिवाळ्याचं ऊन तिरपं येतं, गिलाव्यावर आपटून पिवळं होऊन पडत असणार. शिवाय शेजारी पांढरं कापड असलं की त्वचा आणखी पिवळी दिसते. या बारकाव्यासाठीच तर समोर बसून काढायचं. फोटोवरून काढणाऱ्याला हे सापडणार नाही.

बसते मात्र चुळबुळत. सारखी दंड खाजवते. थंडीनं कातडी सुकली असेल. म्हटलं, खोबरेल लाव आणि स्थिर बस.

२२ नोव्हेंबर

आता तीन घरं. जेमतेम.

मी हताश झालो आहे. एवढ्या वर्षांचा हात, तो असा दगा देतोय. डोळे तपासून घेतले, नंबर तोच आहे. बांगड्याही गायब. रंगवलेल्या हातात चार बांगड्या आणि समोरचा हात मोकळा. विचारलं तर म्हणे, निसटतात, काढून ठेवल्या. चित्र पुरं होईपर्यंत तरी थांबायचं!

माझं ओरडणं ऐकून कडुबा आला. इथला पहारेकरी, शेंद्र्याकडचा. माझं सामान त्याच्याच खोलीत असतं. म्हणाला, "मास्तर, रागवू नगा, पर बाई लई थकल्यागत दिसत्यात. ह्या पायऱ्या रोज कशापायी चढायला लावता? चार दिस घरी ऱ्हाऊ द्या." मी म्हटलं, कडुबा, परवानगी सहा जानेवारीला संपते.

मन घट्ट करून फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं, पातीनं वाळलेला थर खरवडला आणि दोन्ही खांदे पुसून आतल्या बाजूला घेतले. तेवढ्यात सगीरानं मागं वळून बघितलं.

"क्या मिटारे?"

"तुझा खांदा. मोठा झाला होता. आता बरोबर केला."

ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग "अच्छा" म्हणाली आणि परत खिडकीकडं तोंड करून बसली. त्यानंतर तासभर अजिबात हलली नाही. घरी जाताना भर रस्त्यात तिनं माझा दंड धरला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, बाहेर असं कधी केलं नव्हतं. मला जरा अवघडल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं.

३० नोव्हेंबर

सगीरा हल्ली फार मऊ झालीय. मी चिडलो तरी हसते. आज तिनं मला समोर बसवून गॅसचं सिलिंडर मोबाईलवरून कसं बुक करायचं ते शिकवलं. मी म्हटलं, तू करतेस ना, मग मला कशाला? म्हणे, निवृत्त मास्तरला थोडं शिकू द्या. तीन वेळा माझ्याकडून करून घेतलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा म्हणाली, "पास." मग भात किती पाण्यात लावायचा तेही सांगायला लागली, तेव्हा मी उठून गेलो.

८ डिसेंबर

झालं. सही राहिलीय फक्त.

कमान उभी आहे, ऊन फरशीवर पडलंय, जाळीतलं एकेक घर मोजून घ्यावं इतकं स्पष्ट आहे. आणि मधोमध ती पाठमोरी बाई. खांदे पावणेतीन घरं. परवा आणखी एकदा दुरुस्त केले. सगळ्या चित्रात तोच भाग उत्तम आहे. एवढ्याशा पाठीमुळं कमान केवढी मोठी वाटते. मला आनंदानं रडू आलं, खोटं कशाला लिहू.

कडुबा बराच वेळ चित्र बघत उभा राहिला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि निघून गेला. साध्या माणसालाही पोचतंय. चित्र रिक्षात घालून घरी आणलं.

उद्या लुबना येतेय चार दिवसांसाठी.

९ डिसेंबर

लुबना अकराला आली. मी दारातच होतो, चित्र दाखवायची घाई होती. तिनं बॅग खाली ठेवली, आईकडं बघितलं आणि तिथंच थांबली. मग माझ्याकडं वळली.

"अब्बा, अम्मी की आँखां देखे क्या तुम?"

मी बघितलं. दिवसाच्या उजेडात, समोरून. डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं पिवळं झालं होतं. गालांची हाडं वर आली होती. ही बाई दोन महिने रोज माझ्यासमोर बसत होती.

१३ डिसेंबर

घाटीच्या सरकारी दवाखान्यात तीन दिवस गेले. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाची गाठ आहे. कावीळ उतरावी म्हणून आत नळी घालता येईल, पण मूळ दुखणं यकृतापर्यंत पोचलंय. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नीट समजावून सांगत होत्या. म्हणाल्या, दोन महिने आधी कळलं असतं तर ऑपरेशनचा विचार करता आला असता.

मग त्यांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय?

मी म्हटलं, "चार नोव्हेंबरपासून तरी."

"इतकी नक्की तारीख?"

काय सांगणार? तेव्हा सव्वातीन घरं होती, बावीस तारखेला तीन झाली, मी सगळं लिहून ठेवलंय. लुबना माझ्याकडं बघत होती. बाहेर आल्यावर तिनं तारखेचं विचारलं, मी सांगितलं. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. औषधांच्या चिठ्ठ्या हातात देते, तेवढंच.

१४ डिसेंबर

वही पहिल्या पानापासून वाचली. हे सगळं माझ्याच अक्षरात आहे. हाताचा रंग बदलला तर मी उन्हाला दोष दिला. माणूस बारीक होत गेला तर मी चित्र दुरुस्त करत बसलो. चौतीस वर्षं सोबत राहिलेली बायको माझ्यासमोर झिजत होती आणि मी फडक्यानं तिचे खांदे पुसत होतो. माझ्यासारखा आंधळा माणूस पोरांना चित्रकला शिकवत होता.

२ जानेवारी

प्रदर्शनाची तारीख गेली. चित्र आतल्या खोलीत भिंतीला तोंड करून ठेवलंय.

आज सगीरा म्हणाली, दाखवा. तिनं ते पुरं झालेलं कधी बघितलंच नव्हतं. मला आणायचं नव्हतं. मी म्हटलं, अजून ओलं आहे. "मास्तर, झूट नक्को बोलो," ती म्हणाली. लुबना औषधं आणायला गेली होती. मी चित्र आणलं आणि पलंगाच्या पायथ्याशी टेकवलं. तिला उशांवर वर सरकवलं. काहीच वजन लागलं नाही.

ती खूप वेळ बघत होती. कमानीचं कौतुक केलं. म्हणाली, ऊन खरं वाटतं. मग म्हणाली, "माझं दुखणंही खरं काढलं तुम्ही."

मी पलंगाच्या कडेला बसलो.

मग तिनं हळूहळू, थांबत थांबत सगळं सांगितलं. सोळा ऑक्टोबरला ती कापड बघायला गेलीच नव्हती. मुबश्शिराबरोबर सोनोग्राफी करून आली. तिथंच गाठ दिसली होती. मुबश्शिराला तिनं शपथ घातली. सगीराच्या अम्माचं असंच दुखणं होतं, ऑपरेशनला नेलं ती दवाखान्यातून घरी आलीच नाही. "मला चिरून घ्यायचं नव्हतं. तुम्हाला कळलं तर तुम्ही मला ओढून नेणार, रडणार, हे सगळं मनात येऊन मी घाबरले होते. आणि मग त्या दिवशी मागं वळून बघितलं तर तुम्ही माझा खांदा पुसत होता. बारीक करत होता. म्हटलं, या माणसाला कळलंय. कळूनही बोलत नाही, माझ्या मनासारखं होऊ देतोय. रोज सोबत घेऊन जातो, दोन तास एकटीला सोडत नाही. त्या दिवसापासून माझी भीतीच गेली बघा."

तिनं माझा हात धरला. तिचा हात गरम होता.

"तुमकू मालूम था ना?"

खरं सांगावं असं एकदा ओठांवर आलं. हिच्याशी आयुष्यभर मी खोटं बोललो नाही, किरकोळ सोडलं तर. तिचे ते पिवळे डोळे माझ्यावर होते, आणि त्यांत भीती नव्हती.

"हौ," मी म्हटलं. "मालूम था."

तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाली, बोलला असता एकदा तरी. मग झोपली. मला मधूनच शंका येते, की तिला सगळं ठाऊक आहे आणि माझ्यासाठीच तिनं हा प्रश्न विचारला. पण ते आता तिला विचारता येणार नाही.

१९ जानेवारी

सकाळी सव्वानऊला सगीरा गेली. लुबना तिच्याजवळ कुरआनातली यासीन पढत होती. मी पायाशी होतो.

२१ जानेवारी

आज तिसऱ्या दिवसाची जियारत होती. कुरआनखानी झाली, पुरुष मंडळी गेली, मग घरात नात्यातल्या आणि मोहल्ल्यातल्या बायका राहिल्या. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसून होतो. कडुबाही येऊन गेला, चप्पल काढून अंगणात उभा राहिला. "बाई लई चांगली व्हती मास्तर," एवढंच म्हणाला.

मुबश्शिरा सगळ्यांना सांगत होती. सगीरा शेवटपर्यंत काय बोलायची, तिला कशी भीती राहिली नव्हती. "भाईजानकू पहलेसेच मालूम था. एक लफ्ज नहीं बोले. रोज साथ लेके जाते थे. कितने मर्दां ऐसा करते?" बायका पदरानं डोळे पुसत होत्या. सगीराची थोरली बहीण सिल्लोडहून आलीय. ती उठून माझ्याजवळ आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, माझ्या बहिणीचं नशीब होतं. मी खाली मान घालून बसलो. उठून ओरडावंसं वाटत होतं, की मला काहीही माहीत नव्हतं, मी फक्त माप घेत होतो.

लुबना आतल्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिला सगळं ठाऊक आहे. नऊ डिसेंबरला माझा चेहरा तिनं बघितला होता. चार नोव्हेंबरची तारीख तिनं माझ्या तोंडून ऐकली होती. महिना झाला, ती मला अब्बा म्हणालेली नाही. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर सांगणार. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

मावशीनं तिला विचारलं, "क्या बेटा, सच्ची? अब्बाकू मालूम था?"

लुबनानं ट्रे खाली ठेवला. एक कप उचलला, माझ्यासमोर आणून धरला.

"हौ, खाला," ती म्हणाली. "अब्बाकू सब मालूम था."

मी कप घेतला. ती माझ्याकडं न बघता आत गेली आणि बराच वेळ नळ सुरू ठेवून भांडी घासत राहिली.